आत्याबाईंचा मुक्काम फ्लशच्या टाकीत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी घड्याळ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी साडेपाच अंगंच जमिनीला टेकतात. उरलेली अडीच अंगं कंबर सुटली की वेगळी पाठवीन, तोवर उधारीवर समजा.)

इकडे मी, तुमची सून आणि लेक असे आम्ही तिघंही मजेत आहोत. तुम्ही, मोठी ताई, भावोजी आणि तुमची चाकांची खुर्ची असे चौघं खुशाल असाल अशी आशा करतो. खुर्चीची चौकशी मुद्दाम केली, कारण ताईच्या मागच्या दोन पत्रांत तुमच्यापेक्षा तिचाच उल्लेख जास्त होता. डॉक्टर म्हणतात की हाड जुळून दोन महिने झाले, काठी घेऊन चालायला काडीची हरकत नाही. तुम्ही म्हणता, कुठे जायचंय चालून? आणि खुर्ची खिडकीशी लावून बसता ते जेवायच्या हाकेपर्यंत. असो. मोठ्यांच्या मधे आपण बोलू नये. तुम्हाला उपदेश करायला मी काही ताई नव्हे, आणि उपदेश करणाऱ्याचं तुम्ही काय करता ते मी लहानपणापासून बघत आलोय. तेव्हा या पत्रात तुमच्या पायांबद्दल चकार शब्द नाही. हे पत्र फक्त आणि फक्त आत्याबाईंच्या खुशालीचं आहे.

तुमचा चष्मा अजून बदलायचा आहे, म्हणजे पत्र ताईच मोठ्यानं वाचणार आणि भावोजी पेपर बाजूला ठेवून ऐकणार. त्यांना बिचाऱ्यांना या घराण्याची अर्धी भानगड ठाऊकच नाही, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. भावोजी, आत्याबाई ही बाई नव्हे, झाड आहे. अळू-सुरणाच्या गोतातलं, पण चणीनं एवढंसं की दगडासकट सगळं झाड सूपच्या वाडग्यात बसेल. पानं बोटाएवढी, काळपट हिरवी, उजेडात धरली तर वरून निळसर झाक मारतात. हे झाड मातीत राहत नाही. वाहत्या ओढ्यातल्या खडकाला मुळांनी गच्च धरून बसतं. तुमचे सासरे, म्हणजे आपले मामा, पाणीमोजणीच्या खात्यात होते, पट्टी घेऊन ओढ्यांची आणि नद्यांची पातळी टिपत हिंडायचे. एक ओढा धरणात जाणार असं ठरलं, तेव्हा हे आपली पट्टी काढून आणायला गेले आणि येताना पट्टीबरोबर एक दगडही घेऊन आले, त्यावर हे झाड. पट्टी जमा करताना ऑफिसनं तीन सह्या घेतल्या, दगडाबद्दल कुणी विचारलं नाही. आता त्या ओढ्यावर साठ फूट पाणी आहे. म्हणजे तो ओढा जो काय उरलाय तो या दगडावर. एका प्राध्यापकांना पान पाठवलं, तर त्यांचं उत्तर आलं की गोत कळतं, पण नाव फूल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी नावाच्या जागी प्रश्नचिन्ह घालून दिलं. एकतीस वर्षं झाली, मामांनी फुलाची वाट बघितली आणि आत्याबाईंनी एकदाही फूल दाखवलं नाही. आत्याबाई हे नाव माझ्या आईनं ठेवलं. मुक्कामाला येऊन बसायचं, सगळ्यांना आपल्याभोवती हलवायचं आणि आपण मात्र ढिम्म हलायचं नाही, म्हणून. (आईला तेव्हा नेमकी कोणती आत्याबाई डोळ्यांपुढे होती ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्यांच्या घरची मंडळी अजून आपल्याकडे येतात.)

मामा, तुम्ही जिन्यात पडलात, दवाखान्यातून परस्पर ताईकडे गेलात आणि आत्याबाईंना माझ्या हवाली केलंत. सोबत अकरा पानांची वही. मलाच का, तर मी वेळेचा पक्का म्हणून. आता सव्वीस वर्षं बस आगाराचं वेळापत्रक लावणारा माणूस वेळेचा पक्का असणारच, पण वेळेचा पक्का आणि झाडांचा पक्का यात फरक असतो, हे तुमच्या ध्यानात आलं नाही आणि मी आणून दिलं नाही. खरं सांगायचं तर तुम्ही दगड माझ्या हातात ठेवलात, पण तुमची बोटं काही त्यावरून सुटेनात. त्यामुळे नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

तर पहिल्यांदा कबुलीजबाब. मागच्या तीन पत्रांत मी 'आत्याबाई ठणठणीत' असं लिहिलं होतं. त्यातलं पहिलं पत्र अर्धं खोटं. दुसरं पूर्ण खोटं. तिसरं लिहिताना माझं अक्षर थरथरलं होतं, त्याला तुम्ही ताईकडून उलट टपाली 'गरम कपडे वापर' असं कळवलंत, तेव्हा तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय घडलं ते आता पहिल्यापासून सांगतो. ताई, तू मधे हसू नकोस, नाहीतर त्यांना ऐकू येणार नाही.

तुमच्या वहीत पान एकवर लिहिलंय, पाणी वाहतं हवं. कंसात, वाहतं म्हणजे धबधबा नव्हे. मी प्लॅस्टिकचा मोठा टब आणला, मागच्या गॅलरीत ठेवला, आणि पाणी वाहतं करण्यासाठी आमच्या आगारातल्या मेकॅनिकला गाठलं. त्यानं भंगारात निघालेल्या बसमधला, पुढची काच धुवायचा पंप काढून दिला. मी त्याला हळू वाहणारं पाणी असं तीनदा सांगितलं होतं, पण ज्या माणसानं जन्मभर घाणेरड्या काचा धुतल्या त्याची हळूची व्याख्या वेगळी असते. बटण दाबल्याबरोबर पाण्याची धार आत्याबाईंच्या डोक्यावरून गेली ती थेट गॅलरीच्या दारापर्यंत. तुमची सून त्या क्षणी वाळलेले कपडे घेऊन दारात उभी होती. कपडे दुपारपर्यंत वाळले. सून दोन दिवस वाळली नाही. पंप तिसऱ्या दिवशी आगारात परत गेला आणि मी वाटीनं पाणी ओतून ओढा चालवू लागलो, सकाळी वीस वाट्या, संध्याकाळी वीस वाट्या.

त्यानं काही भागेना. एकोणीस पानांची बारा झाली. पानं गळत नव्हती मामा, विरघळत होती. सकाळी पान, संध्याकाळी शेवाळी लगदा. मला वाटलं बाईंना खायला कमी पडतंय. म्हणून चांगली भुसभुशीत माती आणली, त्यात शेणखत मिसळलं आणि आत्याबाईंना दगडासकट गळ्यापर्यंत पुरलं, अगदी मायेनं. बाराची चार झाली. आता तुम्ही ओरडणार की वहीत पान चारवर दोन रेघा मारून लिहिलंय, 'मातीत पुरू नये. पुरलं तर गेलं.' लिहिलंय, मान्य. पण वहीचं तिसरं आणि चौथं पान ओलीनं एकमेकांना चिकटलेलं होतं, ते मी वाफेवर धरून सोडवलं तेव्हा उशीर झाला होता. (इतकं महत्त्वाचं वाक्य पहिल्या पानावर लिहायचं सोडून चौथ्यावर कोण लिहितं? पहिल्या पानावर तुम्ही वहीची किंमत आणि दुकानदाराचा स्वभाव लिहिला आहे.)

मी बाईंना मातीतून काढलं, मऊ ब्रशनं धुतलं, पुन्हा टबात ठेवलं. चाराची अडीच झाली. आणि एका सकाळी जाऊन बघतो तर टब कोरडा, आणि आत नुसता दगड. एक पान नाही, मूळ नाही, काही नाही.

मामा, मी तिथेच गॅलरीत मटकन बसलो. मला तो ओढा आठवला. मी सात वर्षांचा असताना तुम्ही मला कामावर बरोबर नेलं होतं, आठवतं? ओढ्यात दगड टाकलेले होते, त्यावरून पलीकडे जायचं होतं. तुम्ही माझा हात धरला आणि मधोमध आल्यावर खुशाल सोडून दिलात. पुढचे तीन दगड मी एकटा. मी भोकाड पसरलं. तुम्ही पलीकडच्या काठावर पोहोचून वहीत पातळी टिपत उभे, मान वर करून बघितलंसुद्धा नाहीत. शेवटी रडून रडून कंटाळलो आणि आलो. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही, पोहोचलो ही गोष्ट वेगळी. तर त्या ओढ्याचा शेवटचा तुकडा मी चार महिन्यांत संपवला, आणि हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारानं मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

घरात कुणाला बोललो नाही. पण आशा वाईट असते. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, म्हटलं एखादं मूळ आत दडून बसलं असेल, ते फुटेल. टब भरला आणि पुन्हा सकाळी वीस वाट्या, संध्याकाळी वीस वाट्या. दगडाशी बोलायलाही लागलो. तुमचं बालपणापासूनचं चरित्र त्याला सांगितलं, म्हटलं मामांकडे बघून तरी एक कोंब काढ. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी तुमची सून शांतपणे म्हणाली की तुमचं झालं असेल तर तो दगड द्या, बाथरूमचं दार वाऱ्यानं आपटतंय.

तो दाराला लावायचा दगड होता, मामा. तुमच्या सुनेनं टब घासायला काढला, रिकामा टब वाऱ्यानं उडू नये म्हणून दाराजवळचा दगड त्यात ठेवला, आणि मग शिवणाच्या गिऱ्हाइकांत ती विसरून गेली. मी नऊ दिवस त्या दगडाला न्हाऊ घालतोय हे ती रोज बघत होती. मग बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणते, मला वाटलं या वयात माणसाला काहीतरी छंद हवा.

आणि आत्याबाई? त्या तिनं तात्पुरत्या म्हणून पाण्यात ठेवल्या होत्या. घरात त्या वेळी भरलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं. संडासाच्या फ्लशच्या टाकीत. टाकीचं झाकण मागेच फुटलं होतं, ते बदलायचं माझ्याकडे होतं (हे ऐकून ताईला आश्चर्य वाटणार नाही), म्हणून वरून उजेड यायला मोकळं. तुमच्या सुनेनं पाण्यात एक वीट उभी केली, विटेवर दगड ठेवला, आणि बाई तिथे नऊ दिवस राहिल्या. मला दिसल्या कशा नाहीत असं भावोजी विचारतील. भावोजी, टाकी पाठीमागे असते. तिथे बसणारा माणूस पुढे बघतो.

मी धावत जाऊन बघितलं. अडीच पानांची सहा झाली होती. नवी पानं तांबूस, चकचकीत, एक तर अजून गुंडाळी सोडत होतं. मी तिथेच, त्या जागी, टाकीला हात लावून उभा राहिलो आणि मला रडू आलं. लेक बाहेरून दार वाजवत होती, कॉलेजला उशीर होतोय म्हणून. तिला म्हटलं दोन मिनिटं थांब, तर म्हणाली, बाबा, आत्याबाई मिळाल्या वाटतं. म्हणजे तिलाही माहीत होतं! घरात फक्त मला माहीत नव्हतं.

आता यातली गंमत ऐका, कारण इथे तुमची थोडी चूक काढणार आहे. तुमच्या वहीत पान दोनवर तांबड्या शाईनं आहे, 'पाणी कायम या रेषेपर्यंत.' तुमच्या काचेच्या टाकीवर तशी तांबडी रेघही होती. एकतीस वर्षं तुम्ही पाणी त्या रेषेवरून सूतभर खाली जाऊ दिलं नाहीत. आणि फ्लशच्या टाकीत काय होतं? दांडी ओढली की पाणी भसकन उतरतं, बाईंची पानं उघडी पडतात, अंगाला वारा लागतो, मग ताजं पाणी सळसळ चढत येतं. म्हणजे पूर, ओसर, पुन्हा पूर. मामा, तुमची उभी नोकरी नद्यांचा चढउतार टिपण्यात गेली. दर तासाला पाणी किती वर, किती खाली. त्याच झाडाला घरी आणून तुम्ही एका रेषेवर बसवून ठेवलंत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुमची सून तर शिवता शिवता म्हणाली, झाड काय आणि माणूस काय, एका जागी पाणी साचलं की कुजायचंच. (हे तिचं वाक्य आहे, माझं नाही. मी तुमच्या पायांबद्दल काही लिहिणार नाही असं वर कबूल केलंय.)

एकदा ही गोष्ट लक्षात आल्यावर पुढचं काम माझ्या हातचं होतं. मी वेळापत्रक केलं. पहिली फेरी सकाळी पाच चाळीसला, ती माझी. सहा वीस, सूनबाई. सात पाच, लेक. मग नऊ, अकरा आणि एक या फेऱ्या तुमच्या सुनेच्या, कारण ती घरीच शिवणकाम करते. दोन बाह्यांच्या मधे उठते, दांडी ओढते, येऊन बसते. चार दहाला जादा फेरी, पाहुणे असतील तर त्यांच्याकडून, नाहीतर सुनेची. पाहुण्यांना आम्ही हल्ली पाणी फार आग्रहानं पाजतो. तक्ता दाराच्या आतल्या बाजूला लावलाय, फेरी झाली की सही करायची. लेकीनं पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला की गरज नसताना जाणं आणि गरज असताना थांबणं हे दोन्ही अन्यायाचं आहे. तिला सांगितलं, आगारात ड्रायव्हर लोकही हेच म्हणतात.

आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. आमचा पाइप त्यांच्या भिंतीतून जातो. दुसऱ्या दिवशी ते वर आले, म्हणाले की अहो, तुमच्याकडे कुणाचं पोट बिघडलंय का, काढा सांगू का? मी त्यांना आत्याबाई दाखवल्या. ते चष्मा वर-खाली करून गेले. पण पुढच्या महिन्यात एकदा चार दहाची फेरी सात मिनिटं चुकली, तर हे पुन्हा वर हजर. त्यांची रक्तदाबाची गोळी चार दहाची, आणि गेले तीन आठवडे ते घड्याळाकडे न बघता भिंतीकडे कान लावून ती घेत होते! सव्वीस वर्षांत माझ्या वेळापत्रकावर इतका विश्वास एकाही प्रवाशानं ठेवला नाही.

मधे एक संकट येऊन गेलं, तेही सांगून टाकतो. माझी मेहुणी दोन दिवस राहायला आली होती. तिला स्वच्छतेचं वेड. बाथरूममध्ये गेली, टाकीत काहीतरी उगवलंय असं बघितलं, आणि आमची लाज झाकावी म्हणून पर्समधली संडास-सफाईची निळी वडी काढून टाकीत टाकली. पर्समध्ये तसली वडी बाळगणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. लेक सात पाचच्या फेरीला गेली आणि किंचाळली. आम्ही दगड उचलला, बादलीत बुडवला, सातदा पाणी बदललं, लेकीनं टाकी आतून स्पंजनं पुसली, मी पानं एकेक करून कापसानं धुतली. मेहुणी बाहेर विचारत होती की तुमच्या घरात सगळे एकदम एकाच बाथरूममध्ये का जातात. दोन पानं गेली. बाकीची वाचली. मेहुणी जाताना म्हणाली की मी पुन्हा येईन तेव्हा हॉटेलात उतरेन, आणि तुमची सून आग्रह करायला विसरली.

आता मूळ बातमी. मामा, नीट बसा. (बसलेलेच असाल, म्हणा.) मागच्या गुरुवारी पाच चाळीसच्या फेरीला पाणी उतरलं तेव्हा दोन पानांच्या बेचक्यात मला एक नवीनच वस्तू दिसली. मला वाटलं पान येतंय. पण पान सरळ वर येतं, हिचा देठ बाकदार होता आणि टोकाला करंगळीच्या नखाएवढी फुगीर गुंडाळी, खाली हिरवी, वर गुलाबी. मी वही काढली. पान सातवर तुम्ही पेन्सिलनं चित्र काढून ठेवलंय, गोतातल्या दुसऱ्या झाडांवरून अंदाजानं, खाली लिहिलंय, 'कळी बहुधा अशी असावी.' मामा, अशीच आहे. तुम्ही टोक जरा जाड काढलंय, बाकी हुबेहूब. मी वही टाकीच्या शेजारी धरली, सुनेला हाक मारली, लेकीला हाक मारली, आणि तिघंही बघत उभे राहिलो ते खालून हेडमास्तरांनी भिंतीवर दोनदा ठोकेपर्यंत. सहा वीसची फेरी चुकली होती.

वहीत पुढे म्हटलंय, कळी दिसल्यापासून उमलायला दोन आठवडे लागावेत, आणि फूल दोन दिवस टिकावं. त्याखाली, 'कळी असताना जागा हलवू नये, कळी गळते.' आणि कंसात, 'अनुभव नाही. ऐकीव.' तो कंस मी तीनदा वाचला. एकतीस वर्षांत तुम्हाला जो अनुभव आला नाही तो आत्याबाई माझ्या घरी, त्याही असल्या ठिकाणी देणार, आणि तुम्ही तिकडे खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजणार, हे काही मला पटत नाही. प्राध्यापकांना अजून कळवलेलं नाही. त्या प्रश्नचिन्हावर पहिला हक्क तुमचा. तेव्हा येत्या बुधवारी या, दोन-चार दिवस राहा, बाकी काही मागत नाही.

ताईस आणि भावोजींस नमस्कार. खुर्चीस नाही.

तुमचा,
घड्याळ्या

ता. क. येण्याची सोय केली आहे. सकाळची नऊ दहाची बस ताईच्या घरावरून जाते. तिथे थांबा नाही. बुधवारपुरता आहे. सव्वीस वर्षांत मी वेळापत्रकात एकही खोटा थांबा घातला नव्हता, हा पहिला. चढताना भावोजी आणि कंडक्टर तुम्हाला उचलतील, खुर्ची गाडीच्या पोटात जाईल. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे.

आणखी एक. मोजमाप घेतलं तेव्हा एक अडचण ध्यानात आली. संडासाच्या दाराची चौकट बावीस इंच आहे आणि तुमची खुर्ची पंचवीस. (ताई, इथे अडखळू नकोस, सरळ वाच. खुर्ची तूच मोजून कळवलीस हे त्यांना आत्ता कळलंच आहे.) त्यातून बोळात सुनेचं शिवणयंत्र आणि कापडाचं कपाट. म्हणजे खुर्ची बाहेरच्या खोलीत थांबणार. तिथून टाकीपर्यंत अकरा पावलं आहेत. पहिली चार कपाट धरून होतात. पुढची तीन शिवणयंत्राच्या कडेला हात लावून. मग तीन पावलं धरायला काहीच नाही. त्यानंतर चौकट. उचलून न्यावं म्हणाल तर बोळात दोन माणसं शेजारी शेजारी मावत नाहीत, आणि माझी कंबर धरली आहे हे मी पहिल्याच ओळीत लिहिलंय. मी दारात उभा असेन. हातात तुमची वही असेल आणि मी टाकीतली पातळी टिपत असेन. मान वर करून बघेनच असं सांगता येत नाही.

अगदी शेवटचं. तुमची सून मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, थोरल्यांशी खोटं बोलू नये, खरं काय ते लिहा. लिहितो. शिवणयंत्राला चाकं आहेत, म्हणजे मंगळवारपर्यंत होती, ती मी काढून माळ्यावर टाकली. सुतार येऊन बघून गेला, म्हणाला चौकट काढणं तासाभराचं काम, खुर्ची आरामात आत जाईल. मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आणि माझी कंबर ठणठणीत आहे. रागावणार असाल तर इथे या, अकरा पावलं चाला, आणि उभ्यानं रागवा.